घरात कोणाची टेन्शनची गोळी सुटत नसेल तर काय करायचं

सगळ्यात आधी, गोळ्या लपवू नका, फेकू नका, 'आजपासून बंद' असं तर अजिबात करू नका. घरच्यांना वाटतं चार दिवस त्रास होईल मग सुटेल, पण अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम या गोळ्या महिनोन्महिने घेऊन एकदम थांबवल्या तर हात थरथरतात, झोप पार उडते, जीव घाबराघुबरा होतो आणि काही जणांना चक्क फिट येते, जिवावर बेतू शकतं.

मग घरातले गोळ्यांचे सगळे पत्ते (स्ट्रिप) एकत्र काढा आणि ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. इथेच बरेच जण फसतात, कारण आपल्याकडे एस्सिटालोप्राम हे नैराश्य-चिंतेवरचं औषध आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत मिळतं, धडधडीसाठी प्रोप्रानोलोल आणि अल्प्राझोलाम एकत्र असतं, पोटाच्या त्रासावर देतात त्या काही कॅप्सूलमध्ये क्लोरडायझेपॉक्साइड असतं, तेही याच जातीचं. म्हणजे माणूस 'मी फक्त पोटाचं औषध घेतो' म्हणतो आणि ते खरंच त्याला माहीत नसतं.

लक्षणं काय बघायची तर पंधरा दिवसांचा पत्ता दहा दिवसांत संपणं, अर्धीची एक आणि एकीची दीड होणं, मुंबईला लग्नाला जाताना साडीआधी गोळी पर्समध्ये टाकणं, दोन वेगवेगळ्या मेडिकलमधून आणणं. वयस्कर माणूस असेल तर तोल जाणं, पडणं, विसरायला होणं हेही गोळीमुळे असू शकतं आणि आपण वयावर ढकलून मोकळे होतो. आणि डॉक्टरांनी सांगितलं तशीच घेऊनसुद्धा शरीराला सवय लागू शकते, त्यामुळे कृपा करून 'व्यसनी झालीस' वगैरे बोलू नका, त्या एका वाक्यानंतर माणूस लपवायला लागतो.

बोलायचं कधी, तर पाहुण्यांसमोर नाही, रात्री झोपताना नाही, सकाळी चहाच्या वेळी निवांत. 'आई, मी तुझी गोळी काढून घेणार नाहीये, पण इतकी वर्षं तीच चालू आहे तर एकदा डॉक्टरांना विचारून येऊ, मी येते सोबत.' ती म्हणेल, 'मग मला झोप काय तू लावणार?' चिडू नका हो, तिची भीती खरी आहे, गोळी चुकली त्या रात्री काय झालं होतं ते विचारा आणि ऐकून घ्या.

डॉक्टर शक्यतो मानसोपचारतज्ज्ञच बघा, पुण्यात ससून रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, दारू किंवा दुसरी नशाही सोबत असेल तर येरवड्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून याच कामात आहे, आणि जायची तयारीच नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर दिवसरात्र फुकट बोलता येतं, मराठीतही. डोस साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के असा उतरवतात, म्हणजे महिने लागतात, कधी वर्षसुद्धा. किती आणि कधी कमी करायचं ते कागदावर लिहूनच मागा, घरी अंदाजाने गोळ्या तोडत बसू नका. मूळ घाबरण्यावर आणि झोपेवर समुपदेशन सोबत सुरू झालं तर खूप फरक पडतो.

या काळात एकच डॉक्टर, एकच मेडिकल. अल्प्राझोलाम शेड्यूल एच१ या कडक नियमांच्या औषधांच्या यादीत आहे, दुकानदाराला चिठ्ठी बघून रजिस्टरमध्ये नोंद करावी लागते, तेव्हा ओळखीवर 'नेहमीची द्या' हे बंद. गोळीवर दारू नको, ट्रामाडॉलची दुखण्यावरची गोळी किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, श्वास मंदावू शकतो. गुंगी वाटत असेल तर स्कूटर तुम्ही चालवा.

डोस कमी केल्यावर काही दिवस चिडचिड होते, आवाज सहन होत नाहीत, रात्री तीनला जाग येते, तेव्हा 'मन घट्ट कर' म्हणण्यापेक्षा शेजारी बसा, टीव्हीचा आवाज कमी करा, संध्याकाळचा चहा-कॉफी टाळा, जमेल तसं पाय मोकळे करायला घेऊन जा. फारच जड गेलं तर डॉक्टर आहे त्याच डोसवर थोडे दिवस थांबवतात, त्यात हरण्यासारखं काही नाही.

पण फिट आली, नसलेलं दिसायला-ऐकू यायला लागलं, हाका मारूनही जाग येत नाही किंवा जीव द्यायच्या गोष्टी सुरू झाल्या तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा आणि निघताना सगळे पत्ते पिशवीत घाला, रिकामे झालेलेसुद्धा, किती गोळ्या पोटात गेल्यात हे तिथे पहिलं विचारतात.