अपिलात नवा पुरावा आणताय? या चुका टाळा

शिक्षा लागली की दुसऱ्याच दिवसापासून घरचे कागद शोधायला लागतात. समजा, हर्णैच्या एका खलाशाला मारामारीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली. निकालानंतर भाऊ मच्छीमार सोसायटीतून डिझेलची पावती आणतो, तांडेलही (बोटीचा प्रमुख) म्हणतो, "त्या रात्री हा माझ्या बोटीवर होता." घरच्यांना वाटतं, आता सुटलाच. अपिलाचं कोर्ट मात्र आधी एवढंच विचारतं: हे खालच्या कोर्टात का आलं नाही?

आपण बोटीवर होतो हे खलाशाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग हा पुरावा नवा कसा? सगळ्यात मोठी चूक इथेच होते.

अपिलात जादा पुरावा घेण्याचा अधिकार कोर्टाला आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३९१ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३२ मध्ये आहे. पण पुरावा आवश्यक आहे असं कोर्टाला वाटलं पाहिजे आणि त्याची कारणं नोंदवावी लागतात. गुजरातमधल्या चेक न वटल्याच्या एका खटल्यात आरोपीला अपिलात सही हस्ताक्षरतज्ज्ञाकडून तपासून हवी होती. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला: बँकेतली नमुना सही खटल्यातच मागवता आली असती. पुरेशी धडपड करूनही पुरावा देता आला नाही, किंवा ती गोष्ट नंतरच उजेडात आली, तरच हे दार उघडतं.

म्हणून कारण नुसतं सांगू नका, कागदाने दाखवा. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या एखाद्या कार्यालयाचं दप्तर भिजलं असेल तर तसं त्या कार्यालयाचं पत्र घ्या. माहिती अधिकारात अर्ज केला होता? त्याची पोच जोडा. खालच्या कोर्टाने साक्षीदार बोलवायला नकार दिला असेल तर त्या आदेशाची नक्कल सोन्यासारखी जपा. "आधीच्या वकिलाने केलं नाही" एवढ्यावर सहसा भागत नाही.

पावती अपिलाच्या मेमोला, म्हणजे अपिलाच्या मूळ अर्जाला, टाचून देऊ नका. जादा पुराव्यासाठी वेगळा अर्ज आणि शपथपत्र लागतं. जेटीवरच्या सीसीटीव्हीची व्हॉट्सॲपवर फिरलेली क्लिपही चालत नाही. मूळ डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) सांभाळा, डिजिटल पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हॅश व्हॅल्यूसह (फाइलचा डिजिटल ठसा), दोन्ही भाग भरून घ्या.

गावकीत समेट झाला की फिर्यादीकडून "मी खोटं बोललो" असं शपथपत्र लिहून घेतात. मला हे फार धोक्याचं वाटतं. फिर्यादी खोट्या साक्षीच्या गुन्ह्यात अडकू शकतो आणि कोर्टाचा तुमच्या खऱ्या कागदावरचाही विश्वास उडतो. गुन्हा तडजोडीचा असेल तर अपिलाच्या कोर्टाकडे सरळ तडजोडीची परवानगी मागा.

पुराव्याच्या शोधात मुदत घालवू नका. दंडाधिकाऱ्याच्या निकालावर सेशन कोर्टात ३० दिवस, सेशनच्या निकालावर उच्च न्यायालयात ६० दिवस. निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ वगळतात. अपील आधी, पुराव्याचा अर्ज मागून. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गची उच्च न्यायालयातली अपिलं मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जातात, रायगडची मुंबईलाच. माणूस तुरुंगात असेल तर उत्पन्न न बघता विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो.

आणि तांडेलाला पढवू नका. अर्ज मंजूर झाला तर त्याची उलटतपासणी होईल, आणि सरकारी वकील नक्की विचारेल: इतके दिवस गप्प का होतास?