ओठ पुढे, आवाज मागे
मंडईतल्या भाजीवाल्या मावशींशी फोनवर शूट केलेल्या गप्पा एडिटिंगला घेतल्या. सुरुवात ठीक, पुढे मात्र मावशी ‘मेथी वीसला’ म्हणून तोंड मिटतात तरी आवाज येतोच आहे! ऑडिओ सरकवून पाहिला. इथे जुळवला की तिथे बिघडतो.

दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. बरेच फोन उजेड कमी झाला की फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला टिपल्या जाणाऱ्या चित्रांची संख्या, बदलतात; सेकंदाला 30 फ्रेम कायम राहत नाहीत. एडिटिंगमध्ये मात्र वेग एकसारखा धरला जातो, म्हणून चित्र आवाजापासून सरकत जातं. आणि मंडईच्या छपराखाली उजेड तो किती!

हँडब्रेक हे व्हिडिओ फाइल नव्याने बनवून देणारं मोफत सॉफ्टवेअर घेतलं. व्हिडिओ टॅबमध्ये फ्रेम रेट 30, त्याखाली ‘कॉन्स्टंट’, म्हणजे कायम एकच. नवी फाइल टाइमलाइनवर टाकली, जुळलं. एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रोजेक्टचा फ्रेम रेट क्लिप आणण्याआधीच 30 करा. नंतर तो बदलू देत नाही.