घोषणा ऐकून सोसायटीचं कर्ज थकवू नका, आणि बाकीच्या चुका

दारव्ह्याकडचं आमचं गाव. विधानसभा मुंबईत भरते, नागपुरात भरते, आणि आमच्या पानठेल्यावर रोज सकाळी सात वाजता भरते. भांडायला माझी ना नाही. भांडलंच पाहिजे. पण वीस-बावीस वर्षं गावातल्या लोकांची निवेदनं, अर्ज, माहिती अधिकाराचे कागद लिहून देतो आहे (पैसे घेत नाही, चहा घेतो), आणि माणसं बदलली तरी चुका त्याच आहेत. हल्ली तर मोबाईलमुळे त्या जास्त वेगानं होतात.

घोषणा म्हणजे जीआर नव्हे, जीआर म्हणजे कायदा नव्हे

जीआर म्हणजे सरकारचा लेखी शासन निर्णय. ही माझी सगळ्यात दुखरी चूक, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

24 जून 2017 ला कर्जमाफी जाहीर झाली. टीव्हीवर 34,022 कोटींचा आकडा फिरत होता आणि त्याखाली 'दीड लाखापर्यंत माफ' अशी पट्टी. आमच्या शेजारच्या काकांचं खरिपाचं कर्ज होतं, 2016 च्या जूनमध्ये उचललेलं, एक लाख साठ हजार. माणूस कधी थकबाकीत न गेलेला. तूर विकून पैसेही हाताशी होते आणि सोसायटीत भरायचे चार-सहा दिवस उरले होते. पट्टी वाचून म्हणाले, "आता कायले भरू? सरकार भरते न!" पानठेल्यावर सगळ्यांनी मान डोलावली. मीसुद्धा. ते पैसे काकांनी बोअरमध्ये घातले.

चार दिवसांनी, 28 जूनला जीआर निघाला. त्यात अट होती, कर्ज 30 जून 2016 रोजी थकीत असलं पाहिजे. काकांचं कर्ज त्या तारखेला जेमतेम महिन्याभराचं, थकीत कुठून असणार? मुदतीत फेडणाऱ्यांसाठी त्याच योजनेत 25 टक्के, जास्तीत जास्त 25 हजार प्रोत्साहन होतं. भरले असते तर ते मिळालं असतं. पंजाबराव देशमुख व्याज सवलतही मुदतीत फेडणाऱ्यालाच असते, तीही गेली. बोअरला पाणी लागलं नाही ते वेगळंच.

पुढं दोन वर्षं काका 'पुढच्या माफीत बसतो' म्हणत राहिले. डिसेंबर 2019 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात दुसरी कर्जमाफी जाहीर झाली, दोन लाखांपर्यंत. यावेळी हिशेबाची तारीख 30 सप्टेंबर 2019 होती आणि रक्कम मुद्दल अधिक व्याज अशी धरायची होती. दोन लाखांच्या वर गेलेलं खातं सरळ बाहेर. काकांचं खातं व्याज धरून दोन लाख आठ हजारांवर पोचलं होतं. "आठ हजारानं गेलो राजा," एवढंच म्हणाले आणि उठून गेले. पहिल्या वेळी तारखेनं मारलं, दुसऱ्या वेळी रकमेनं. दोन्ही गोष्टी जीआरच्या आतल्या परिच्छेदात होत्या, पट्टीवर नव्हत्या.

तेव्हापासून मी जीआर उलटा वाचतो. प्रस्तावना सोडून द्यायची, ती सगळ्यांची सारखीच गोड असते. आधी 'अपात्र' शब्द शोधायचा, मग तारखा, मग लेखाशीर्ष, म्हणजे पैसा कुठून येणार ते. एक वहीही ठेवली आहे. डाव्या पानावर घोषणेची तारीख, उजव्या पानावर जीआरचा क्रमांक. उजवं पान कोरं असेल तोवर मी कोणाला 'मिळेल' म्हणत नाही. लोक मला अपशकुनी म्हणतात. म्हणू द्या.

2025 च्या ऑक्टोबरात ट्रॅक्टरं घेऊन शेतकरी नागपूरच्या वेशीवर बसले, शेतकरी नेते बच्चू कडूंचं कर्जमाफीसाठीचं आंदोलन. मुख्यमंत्र्यांनी कर्जमाफीच्या निर्णयासाठी 30 जून 2026 ही तारीख दिली. त्याच संध्याकाळी मला पाच फोन. "भाऊ, मग आता भरू नको न?" तारीख निर्णयाची होती, थकबाकीच्या हिशेबाची नव्हती. भरायचं की थांबायचं हे हातातल्या पैशावर ठरवा, मोबाईलवर आलेल्या ओळीवर नको.

जीआर आणि कायद्यातला फरकही इथंच सांगून टाकतो. पहिलीपासून हिंदीचा जीआर 16 एप्रिल 2025 ला निघाला, 17 जूनला तो बदलून दुसरा आला, आणि पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, 29 जूनला, दोन्ही रद्द केल्याचं जाहीर झालं. अडीच महिन्यांत खेळ संपला, कारण जीआर सरकार काढतं आणि सरकारच मागं घेतं. कायदा मात्र सभागृहातून जातो. शहरी नक्षलवाद रोखण्यासाठी म्हणून आणलेलं जनसुरक्षा विधेयक 2024 मध्ये आलं, हिवाळी अधिवेशनात पुन्हा मांडलं गेलं, संयुक्त समितीकडे गेलं, आणि 2025 च्या जुलैत दोन्ही सभागृहांत मंजूर झालं. मधल्या काळात समितीनं लोकांकडून सूचना मागवल्या होत्या, बारा हजारांवर आल्या. आमच्या पानठेल्यावर त्या विधेयकावर वर्षभर भांडण झालं. बाजूचेही तावातावानं बोलले, विरोधातलेही. सूचना एकानंही पाठवली नाही. टपालाला खर्च किती आला असता?

कापसाचा भाव तहसीलदाराला मागणं

दरवर्षी होतं. हमीभाव केंद्र ठरवतं. 2025-26 साठी मध्यम धाग्याला क्विंटलमागे 7,710 आणि लांब धाग्याला 8,110 हा निर्णय दिल्लीतला. कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 2025 च्या ऑगस्टमध्ये तात्पुरतं उठवलं, तेही दिल्लीनंच. तहसीलदार निवेदन घेतात, फोटो निघतो, कागद 'पुढील कार्यवाहीस्तव' जातो. तो प्रश्न खासदाराला विचारा. कर्जमाफी, अतिवृष्टीची मदत, पांदण रस्ते हे राज्याचं, ते आमदाराला. वेगळा विदर्भ विधानसभा करू शकत नाही. कलम 3 प्रमाणे तो संसदेचा अधिकार आहे, विधानसभेचं फक्त मत मागवतात. आमदाराला शिव्या देण्यासारख्या दुसऱ्या गोष्टी आहेत, त्या वापरा.

एकवीस मागण्यांचं निवेदन

एका हिवाळी अधिवेशनात आमचाही मोर्चा गेला होता. भाकऱ्या बांधून पहाटे निघालो, यशवंत स्टेडियमवरून चालत गेलो, आणि नेहमीसारखं पोलिसांनी अडवलं. पाच जणांचं शिष्टमंडळ आत बोलावलं, त्यात मी होतो. निवेदन लिहिलेलं माझंच, पण मागण्या सगळ्या गावाच्या. कोणाला नाराज करायचं नाही म्हणून एकवीस झाल्या. पहिली शेतमजुरांना पेन्शन, चौदावी आमच्या पुलाची, एकविसावी यष्टीच्या फेरीची.

मंत्रिमहोदयांनी पाच-सात मिनिटं दिली असतील. पहिल्या मागणीवर आमच्यातले एक पाटील सुरू झाले ते थांबेचनात. त्यांनी विदर्भ महाराष्ट्रात यायच्या अटी ठरवणाऱ्या 1953 च्या नागपूर करारापासून सुरुवात केली. करार खरा आहे, त्याच्यामुळेच तर दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात भरतं. पण आमचा पूल 1953 मध्ये वाहून गेला नव्हता, मागच्याच श्रावणात गेला होता. पुलापर्यंत पोचायच्या आत स्वीय सहायकानं कागद घेतला, "बघतो" म्हणाला, आणि दार उघडून दिलं. बाहेर आल्यावर तर्री-पोहे खाल्ले. तेवढंच काय ते पदरात पडलं.

आता माझा नियम असा: एक कागद, एक मागणी. कोणत्या विभागाची, कोणता जीआर, कोणत्या परिच्छेदाप्रमाणे, हे पहिल्या तीन ओळींत. बाकी वीस मागण्या असतील तर वीस कागद करा, हात दुखू द्या. आणि मोर्च्याच्या दिवशी आमदाराला भेटून उपयोग नसतो. तारांकित प्रश्नाची (सभागृहात मंत्र्यानं उत्तर द्यायच्या प्रश्नाची) सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आठवडे आधी द्यावी लागते. मी पोळा झाला की कागद नेऊन देतो. पुलाचा प्रश्न तसाच लागला, लेखी उत्तर आलं. उत्तर 'होय, हे खरे आहे. निधी उपलब्ध झाल्यावर काम' असं होतं. पण ते सभागृहाच्या कागदावर आहे, आणि आता प्रत्येक अर्जाला मी तेच जोडतो.

छोट्या, पण रोजच्या

जीआरचं एकच पान मोबाईलवर पुढं ढकलणं. अटी दुसऱ्या पानावर असतात. शेवटी लांबलचक संगणक संकेतांक असतो, तो सरकारच्या संकेतस्थळावर टाकून पाहा. सापडला नाही तर कागद खोटा समजा.

जाहीरनाम्यातला आकडा हिशेबात धरणं. लाडक्या बहिणीचे 1,500 जीआरमध्ये होते, 2,100 निवडणुकीच्या भाषणात. दोन वेगळ्या वह्या.

पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहणं. 2024 च्या जुलैत, लाडकी बहीण सुरू झाली तेव्हा, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी बायाबापड्यांनी दलालांना पाचपाचशे दिले. आठवडाही झाला नाही तोच पिवळं-केशरी रेशनकार्ड असेल तर दाखला नको, असा बदल आला. घाई करणाऱ्याचेच पैसे जातात, हे मी किती वेळा सांगावं? ज्यांना 'काका, मोबाईलवर दोन मिनिटांत होते न' म्हणायची सवय आहे, त्यांचे अर्ज मी दोनदा भरून दिले आहेत.

ग्रामसभेत ओरडून घरी जाणं. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या नोंदवहीत, ठराव लिहिला नाही तर तुम्ही बोललाच नाहीत. मी ठराव पूर्ण लिहून, वाचून दाखवून, सह्या होईपर्यंत खुर्ची सोडत नाही. मागच्या 15 ऑगस्टला सचिव दोनदा घड्याळ बघून झाले, शेवटी चिडून त्यांनी वही माझ्याकडेच सरकवली. जेवायला घरी पोचलो तेव्हा चार वाजले होते.