रोध शून्य, शिवाय चुंबकत्व: निष्कर्ष काढण्याआधी या चुका टाळा

अतिसंवाहक आणि चुंबकीय थर एकमेकांवर चढवलेल्या पातळ फिल्ममध्ये विद्युतरोध शून्यावर आला (अतिसंवाहकतेची खूण), हिस्टेरेसिस लूपही (क्षेत्र वाढवता-घटवताना चुंबकत्वाचा वेगवेगळ्या वाटांनी जाणारा आलेख, चुंबकत्वाची खूण) मिळाला, म्हणून अतिसंवाहकता आणि चुंबकत्व एकत्र नांदतात असं लगेच लिहू नका. रोध शून्य व्हायला अतिसंवाहक भागाची एकच सलग वाट पुरते. ती चुंबकीय थरातून जाते की त्याला वळसा घालून, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

सर्वांत मोठा घोळ बिस्मथ-निकेलच्या जोडथरात (एकावर एक चढवलेल्या दोन थरांत) होतो. बिस्मथ एकटं ०.५३ मिलिकेल्विनला अतिसंवाहक होतं, निकेल होतच नाही, तरीही जोडथर ४ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतो. दोन्ही धातू सीमेवर एकमेकांत मुरून तीन अणू बिस्मथ आणि एक अणू निकेल असं संयुग बनतं, आणि त्याचं संक्रमण तापमानही (ज्याखाली ते अतिसंवाहक होतं) ४ केल्विनच आहे! हे संयुग खोलीच्या तापमानालाही तयार होऊ शकतं. म्हणून फिल्म बनवल्या बनवल्या मापन करा, आठवड्याने पुन्हा करा. मधे संक्रमण तापमान बदललं तर आधी संयुगावर संशय घ्या आणि फिल्मला जवळजवळ समांतर क्ष-किरण सोडून एक्सआरडी (कोणती संयुगं आहेत ते दाखवणारं क्ष-किरण विवर्तन) घ्या.

नायोबियम-निकेलमध्ये अडचण उलटी असते: चुंबकत्वच नसतं. सीमेजवळचा निकेलचा पातळ भाग बरेचदा चुंबकीयदृष्ट्या मृत असतो. किमान पाच जाडींचे नमुने बनवा, दर क्षेत्रफळामागचा मोमेंट (एकूण चुंबकत्वाचं माप) जाडीसमोर आलेखात मांडा. रेषा जाडीच्या अक्षाला जिथे छेदते ती मृत थराची जाडी. फिल्म बनवायचं निर्वात चेंबरही स्वच्छ हवं, मूळ दाब १ मायक्रोपास्कलखाली. नायोबियममध्ये १ अणुटक्का ऑक्सिजन शिरला तरी संक्रमण तापमान सुमारे ०.९ केल्विनने उतरतं, आणि दोष मात्र निकेलच्या माथी जातो. तुलनेसाठी तेवढ्याच जाडीची नुसती नायोबियम फिल्म त्याच फेरीत बनवून ठेवा.

मॅग्नेटोमीटरवर ५ × ५ मिलिमीटरच्या, २ नॅनोमीटर जाड निकेलचा पूर्ण मोमेंट जेमतेम २४ मायक्रो-ईएमयू (ईएमयू हे मोमेंटचं एकक) भरतो. नायोबियममध्ये अडकलेल्या व्हॉर्टेक्सचा (अतिसंवाहकात शिरलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या बारीक भोवऱ्यांचा) लूप त्याला सहज गिळतो. निकेलचा लूप आधी १० केल्विनला, म्हणजे नायोबियमच्या संक्रमणाच्या वर, घ्या. क्षेत्र फिल्मला समांतर ठेवताना १ अंशाची चूक झाली तरी ५० मिलिटेस्लामधले जवळजवळ ०.९ मिलिटेस्ला फिल्मला लंब लागतात. व्हॉर्टेक्स शिरायला तेवढे पुरतात.

मोठं क्षेत्र देऊन झाल्यावर सोलेनॉइडमध्ये (क्षेत्र देणाऱ्या वेटोळ्यात) काही मिलिटेस्ला उरतात, तेही बऱ्याचदा उलट दिशेने. पडद्यावर +१ मिलिटेस्ला दिसतो, नमुन्यावर प्रत्यक्षात ऋण क्षेत्र असतं आणि साधा माइस्नर परिणाम (अतिसंवाहकाने क्षेत्र बाहेर ढकलणं) अनुचुंबकीय, म्हणजे क्षेत्राच्याच दिशेने चुंबकित झाल्यासारखा, दिसू लागतो. चिन्ह उलटं आलं तर नवा परिणाम जाहीर करण्याआधी ज्याचा प्रतिसाद आधीच माहीत आहे असा पॅलेडियमचा तुकडा लावून खरं क्षेत्र मोजा.