ताप उतरला, दम अजून लागतोय? या चुका टाळा

फ्लू किंवा कोविड बरा झाला तरी श्वासनळीचं अस्तर काही आठवडे हुळहुळं राहतं. मिरचीची फोडणी, जिनिंगची धूळ, बांधावर पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा धूर, काहीही पुरतं आणि ठसका सुरू. असा खोकला 3 ते 8 आठवडे टिकू शकतो. त्यासाठी मेडिकलवरून पुन्हा अँटिबायोटिक आणू नका. उरलेली सूज त्याने जात नाही. मात्र खोकला 2 आठवड्यांपुढे टिकला की टीबीसाठी थुंकी तपासून घ्याच. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.

सगळ्यात जास्त फसगत ऑक्सिमीटरची, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या क्लिपची. खाटेवर बसून 98 दिसलं की घरचे निर्धास्त होतात. पण फुप्फुसात कसर असेल तर ती हालचालीत उघडी पडते. बसल्या जागी आकडा 94 किंवा जास्त असेल आणि छातीत दुखत नसेल, तरच हे करा, तेही सोबत कुणी असताना: हाताचा आधार न घेता खुर्चीतून 1 मिनिट उठबस. उठबस थांबल्यावरही क्लिप मिनिटभर बोटातच ठेवा, कारण आकडा उशिरा उतरतो. 3 किंवा जास्त अंकांनी घसरला तर डॉक्टरांना दाखवा. बोटं गार असतील, नखावर नेलपॉलिश किंवा आखाजीची मेंदी असेल, तर आकड्यावर भरवसा नको.

श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळे असलेलं यंत्र बरेच जण फुंकतात. ते ओढायचं असतं! आधी श्वास सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, सावकाश ओढा, 2-3 सेकंद रोखा. झटक्यात तिन्ही गोळे उडवण्यापेक्षा एकच गोळा जास्त वेळ वर धरणं चांगलं. चक्कर आली तर थांबा. आणि हा व्यायाम आहे, तपासणी नव्हे; फुप्फुसाची ताकद दवाखान्यातल्या स्पायरोमेट्री तपासणीतच कळते. तिथे जोर लावून निदान 6 सेकंद फुंकावं लागतं. पोट गच्च भरून जाऊ नका, आणि श्वासाच्या औषधाचा पंप (इनहेलर) किती तास आधी बंद ठेवायचा हे आदल्या दिवशीच विचारा.

कापूस वेचणीला लगेच पूर्ण दिवस जाऊ नका. अर्ध्या दिवसाने दुसऱ्या दिवशी अंथरूण धरायला लागलं, तर त्याहूनही कमी करा.

थुंकीत रक्त, एकाच पायाला सूज, छातीत कळ किंवा बसल्या जागी 94 च्या खाली आकडा: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.