काकडा, सप्ताह, गणपती: भजनी मंडळात गाताना या चुका टाळा

दसरा झाला की आपल्याकडं बेळगाव, खानापूर, निपाणी भागात काकड्याची गडबड सुरू होते, कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत रोज पहाटे देवळात भजन. त्याच्या आधी श्रावण आणि गणपती होऊन गेलेले असतात, पुढं गावोगावचे हरिनाम सप्ताह असतातच. एवढं गाऊनही बऱ्याच मंडळांचं बिघडतं ते एकाच जागी, सगळं बुवांच्या, म्हणजे पुढं गाणाऱ्याच्या, गळ्यावर ठरतं आणि मागं म्हणणाऱ्यांना कोण विचारतच नाही. भजन मागच्यांच्या जोरावर उभं राहतं हो. त्यांना झेपेल तसं ठरवा, निम्म्या तक्रारी तिथंच मिटतात बघा.

सगळ्यात मोठी चूक पट्टीची, म्हणजे कुठल्या सुराला सा धरायचा त्याची. बुवांचा आवाज चढा म्हणून ते काळी चारला (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला) सुरू करतात, ध्रुपदापर्यंत (परत परत येणाऱ्या ओळीपर्यंत) मागचे कसेतरी ओढतात आणि चरण वर गेला की अर्धे गप्प आणि अर्धे खालच्या सप्तकात, मग ऐकणारा म्हणतो ह्यांना चाल येत नाही. चाल येते की, पट्टी झेपत नाही. तालमीत एकदा करून बघा, बुवांनी आणि पेटीमास्तरांनी गप्प बसायचं आणि अभंगातली सगळ्यात वर जाणारी ओळ मागच्यांनी एकट्यांनी म्हणायची. न ओरडता लागली तर ठीक, नाहीतर एकेक पट्टी खाली या. काकड्याला तर रात्रीच्या पट्टीपेक्षा दोन पट्ट्या खालीच धरा, कार्तिकातल्या थंडीत पहाटे गळा उघडलेला नसतो.

बायका आणि पुरुष एकत्र असतील तर एकाच पट्टीत सगळ्यांना कोंबू नका. पुरुष काळी एक आणि बायका काळी तीन असं धरून एक अभंग ह्यांनी, एक त्यांनी उचलायचा. ह्यात एक सोय आहे, काळी एकला लावलेला पखवाज काळी तीनला पंचमात (प वर) बसतो, म्हणजे मधेच पखवाज बदलायची भानगड नाही.

पखवाजावरून आठवलं, गणपतीत आपल्याकडं पाऊस असतोच, खानापूरच्या बाजूला तर विचारूच नका, दमट हवेनं कातडं सैल पडतं आणि घरून नीट लावून आणलेला पखवाज मंडपात उतरलेला सापडतो. म्हणून आधी येऊन तो अर्धा तास मंडपात तसाच ठेवा, मग गट्टे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) ठोकून सूर लावा. मोठ्या लाईटच्या समोर ठेवू नका, तापला की सूर चढतो. धुमावरची (डाव्या, खर्जाच्या तोंडावरची) कणीक मधेच वाळली की आवाज पातळ येतो, तेव्हा ओलं फडकं हाताशी पाहिजे, आणि कार्यक्रम झाला की कणीक खरवडून काढायचीच, कितीही उशीर झालेला असो.

आता लय. गजराला रंग चढला की टाळकरी पुढं पळतात, पखवाजवाला त्यांच्या मागं धावतो आणि शेवटी शब्दच तोंडात बसत नाहीत. भजनी ठेका आठ मात्रांचा, साधा, पण सगळ्यांनी जोरात टाळ मारले की एकमेकांचं ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं नाही की माणूस घाई करतो, हे कारण आहे. चरण चालू असताना टाळ दाबून वाजवा, दोघातिघांनीच वाजवले तरी चालतंय, ध्रुपदाला सगळे उघडा. लय वाढवायची खूण एकट्या पखवाजवाल्यानं द्यायची, दुसऱ्या कुणी नाही. तालीम मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि पहिलं ध्रुपद आणि शेवटचं ध्रुपद लागोपाठ ऐका, लय कुठं सुटली ते लगेच कळतं.

माईकचं थोडक्यात. एक माईक बुवांना, एक पेटीला आणि मागच्यांना काहीच नाही असं करू नका, एक माईक मागच्या ओळीत लांब ठेवा. शिट्टी येत असेल तर आवाज वाढवायच्या आधी स्पीकर माईकच्या पुढं सरकवा. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद असतो, काकडा ह्याच वेळेत येतो. देवळाच्या सभामंडपात पंधरा-वीस गळे माईकशिवाय भरपूर होतात, उलट तेच कानाला गोड लागतं असं माझं ठाम मत आहे.

आपल्या सीमाभागातली खास अडचण म्हणजे दोन भाषा. गावात कानडी माणसं बसलेली असतात, एक तरी कानडी पद घ्यावंच, पुरंदरदासांच्या नाममुद्रेतही विठ्ठलच आहे. चूक होते ती पद देवनागरीत उतरवताना, कानडीत ए आणि ओ ऱ्हस्व पण असतात आणि दीर्घ पण, आपण दोन्ही सारखंच लिहितो, मग ऱ्हस्व अक्षर ओढलं जातं आणि ठेका घसरतो. ऱ्हस्व अक्षराखाली टिंब द्या आणि कानडी बोलणाऱ्या शेजाऱ्याकडून एकदा म्हणवून घ्या. उलटंही होतं, कानडी शाळेतली पोरं अभंग कानडी लिपीतून वाचतात तेव्हा ‘चांगला’ मधला च ‘चहा’ मधल्यासारखा म्हणतात. त्यांना ओरडू नका, पोरं येतायत हेच मोठं आहे, शेजारी बसवून तोंडी शिकवा.

वेळ कमी पडला की शेवटचा चरण गाळायची सवय वाईट. संताचं नाव तिथं येतं, ‘तुका म्हणे’ गाळून अभंग कसा पुरा होणार? गाळायचाच तर मधला एखादा चरण गाळा आणि कुठला ते आधी ठरवा, ऐनवेळी बुवा एक चरण म्हणतात आणि मागचे दुसरा असं व्हायला नको.

सप्ताहात वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून पहाऱ्याच्या (वीणा आळीपाळीनं धरायच्या) वेळा कागदावर लिहून देवळात लावा, आणि ज्यांना काल्याच्या, म्हणजे शेवटच्या, दिवशी गायचंय त्यांना आदल्या रात्रीचा पहारा देऊ नका. गायच्या आधी बर्फाचं पाणी, कुंदा असलं काही नको, गोडानं गळा चिकट होतो. कोमट पाणी घ्या, कुंदा काल्यानंतर सगळे मिळून खाऊ.