अपडेटनंतर लिनक्स सुरू होत नाही? या चुका टाळा

अपडेट पूर्ण झालं, रीस्टार्ट केलं आणि समोर काळी स्क्रीन किंवा पांढऱ्या अक्षरांच्या ओळी. अशा वेळी बहुतेक नवखे पेन ड्राइव्ह शोधतात आणि सगळं नव्याने इन्स्टॉल करायला बसतात. ही घाई जवळजवळ नेहमीच अनाठायी असते. फाइल्स जिथल्या तिथे असतात. उबुंटू, मिंट, डेबियन आणि फेडोरावर आधीचा चालता कर्नलही (सिस्टिमचा गाभा) डिस्कवर शाबूत असतो. बिघडलेला असतो तो सुरू होण्याच्या वाटेवरचा एखादाच टप्पा, आणि कुठला ते मशीन बहुतेक वेळा स्क्रीनवर सांगतही असतं.

कुठे अडलं ते न बघताच उपाय सुरू करणं

‘सुरू होत नाही’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. ग्रबचा, म्हणजे कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, मेन्यूच येत नसेल तर गोष्ट वेगळी, मेन्यूनंतर कर्नल पॅनिक (कर्नल चुकीपाशी थांबून राहणं) येत असेल तर वेगळी, आणि लॉगिन स्क्रीनपर्यंत येऊन अडत असेल तर पूर्णच वेगळी. काळी स्क्रीन दिसली की आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ3 दाबून बघा. अक्षरी लॉगिन आलं तर सिस्टिम व्यवस्थित सुरू झालेली आहे, अडलंय फक्त ग्राफिक्सचं. तिथे लॉगिन करून ‘जर्नलसीटीएल -बी -पी एरर’ चालवा आणि लाल ओळी वाचा. मागच्या फसलेल्या बूटची नोंद हवी असेल तर ‘-बी’पुढे ‘-1’ द्या.

काहीच येत नसेल तर ग्रबचा मेन्यू उघडा. जुन्या बायोसच्या (मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरच्या) मशीनवर शिफ्ट दाबून धरायची, यूईएफआय हे नवं फर्मवेअर असेल तर एस्केप एकदाच दाबायची. घाबरून एस्केप बडवत राहिलं की ‘ग्रब>’ असा प्रॉम्प्ट येतो आणि लोकांना वाटतं आता ग्रबही गेलं. तसं नसतं. तिथे ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर दिलं की गाडी पुढे सरकते. मेन्यूतली पहिली नोंद निवडून ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीतून ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ खोडा आणि कंट्रोल-एक्स दाबा. लोगोमागे लपलेले सगळे संदेश दिसू लागतील. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे बिनधास्त करा. शेवटच्या दहा ओळींचा फोटो काढून ठेवा, पुढे प्रत्येक पायरीला तोच उपयोगी पडतो.

मग ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीच्या आवृत्तीचा कर्नल निवडा. मशीन त्यावर सुरू झालं तर दोष नव्या कर्नलमध्ये, त्याच्या इनिट्रॅमएफएसमध्ये (सुरू होताना लागणाऱ्या साधनांच्या फाइलमध्ये) किंवा ड्रायव्हरमध्ये आहे. म्हणजे निम्मं निदान झालं.

/बूट भरलेलं असताना अपडेट करणं, आणि मग हाताने फाइल्स उडवणं

अपडेटनंतरच्या कर्नल पॅनिकमागे बऱ्याचदा हेच निघतं. एक एन्क्रिप्टेड लॅपटॉप धरा. डिस्क एन्क्रिप्ट केली की इन्स्टॉलर /बूटचं, म्हणजे कर्नल ठेवायच्या फोल्डरचं, वेगळं पार्टिशन करतो, आणि जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ते जेमतेम 500 एमबीच्या आसपास असतं. प्रत्येक कर्नलसोबत एक इनिट्रॅमएफएस फाइल येते. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचे मॉड्यूल आत आले की तिचा आकार 100 एमबीच्या पुढे जातो. तीन कर्नल बसले, चौथा आला. कर्नलची फाइल कशीबशी मावली, पण इनिट्रॅमएफएस लिहिताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. ग्राफिकल अपडेटरमध्ये ही ओळ ‘डिटेल्स’ उघडल्याशिवाय दिसत नाही, आणि ते कोणी उघडत नाही.

आता ग्रब सर्वांत नवी आवृत्ती आपोआप निवडतो. तिला इनिट्रॅमएफएसच नाही, त्यामुळे डिस्कचं कुलूप उघडणारी साधनंही नाहीत. मशीन ‘व्हीएफएस : अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(0,0)’ म्हणून थांबतं. ही ओळ दिसली की हार्ड डिस्क मेली असं समजू नका. आधी इनिट्रॅमएफएसवर संशय घ्या.

इथपर्यंत नुकसान शून्य आहे. खरं नुकसान पुढे होतं. मालक जुन्या कर्नलवर मशीन सुरू करतो, /बूट शंभर टक्के भरलेलं बघतो आणि ‘आरएम’ने फाइल्स उडवतो. त्यात चालू कर्नलची इनिट्रॅमएफएसही जाते, कारण नावं सारखी दिसतात. पॅकेज मॅनेजरला याचा पत्ता नसतो. त्याच्या हिशोबात चारही कर्नल जागेवर आहेत, म्हणून पुढच्या अपडेटला तो उडवलेल्या आवृत्तीचीही इनिट्रॅमएफएस पुन्हा बनवायला घेऊ शकतो आणि जागा पुन्हा संपते. रीस्टार्टनंतर एकही नोंद चालत नाही. एका कमांडने दोन मिनिटं वाचवायला गेलं आणि अख्खी संध्याकाळ लाइव्ह यूएसबीवर (पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्सवर) गेली. /बूटमध्ये ‘आरएम’ चालवू नका, कितीही घाई असली तरी.

उबुंटू-मिंटवर नीट करायचं ते असं. जुन्या कर्नलवर सुरू करा. ‘यूनेम -आर’ने चालू आवृत्ती बघून कागदावर लिहा, तिला हात लावायचा नाही. ‘डीएफ -एच /बूट’ने जागा बघा. मग ‘डीपीकेजी -एल | ग्रेप लिनक्स-इमेज’. ओळीच्या सुरुवातीला ‘आयआय’ असलेले कर्नल खरोखर बसलेले आहेत, ‘आरसी’वाले आधीच काढलेले आहेत, त्यांच्या मागे लागू नका. ‘सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह --पर्ज’ चालवा, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. अर्धवट पॅकेजमुळे एपीटी हा पॅकेज मॅनेजरच अडून बसला असेल, तर सर्वांत जुन्या आवृत्तीची लिनक्स-इमेज, लिनक्स-मॉड्यूल्स आणि लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा ही तिन्ही पॅकेजेस एकाच ‘सुडो डीपीकेजी --पर्ज’ कमांडमध्ये द्या. एकेक दिलीत तर ती एकमेकांवर अवलंबून असल्याची तक्रार येते.

जागा झाली की ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’, मग ‘सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -सी -के’ आणि पुढे नव्या कर्नलची आवृत्ती, शेवटी ‘सुडो अपडेट-ग्रब’. रीस्टार्टच्या आधी ‘एलएस -एलएच /बूट’ बघायचंच. प्रत्येक व्हीएमलिनझला (कर्नलच्या फाइलला) त्याच आवृत्तीची इनिटआरडी (इनिट्रॅमएफएसची फाइल) जोडीदार हवी आणि सगळ्या इनिटआरडींचे आकार साधारण सारखे हवेत. एखादी शून्य किंवा निम्म्या आकाराची दिसली तर रीस्टार्ट करू नका, ती पुन्हा बनवा.

अपडेट चालू असताना पॉवर बटण दाबणं

प्रोग्रेस बार हलत नाही म्हणून मशीन बंद करणारे अजून भेटतात. इनिट्रॅमएफएस आणि डीकेएमएसचे (प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर बनवणाऱ्या यंत्रणेचे) मॉड्यूल बनताना जुन्या मशीनवर काही मिनिटं काहीच हलत नाही, आणि तसंच असायला हवं. थांबा. बंद केलंच असेल तर ग्रबमधून रिकव्हरी मोड, तिथे ‘रूट’, मग ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ आणि त्यानंतर वरचीच ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. रीमाउंट विसरलात तर सगळं ‘रीड-ओन्ली’ म्हणून परत येईल.

नोमोडसेट कायमचं लावून ठेवणं

नव्या कर्नलवर काळी स्क्रीन आणि जुन्यावर सगळं ठीक, कार्ड एनव्हिडियाचं : मग नव्या कर्नलसाठी ड्रायव्हरचं मॉड्यूल बनलेलंच नाही किंवा लोड झालेलं नाही. ग्रबमधल्या त्याच ‘लिनक्स’ ओळीत ‘नोमोडसेट’ (ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूला ठेवणारा पर्याय) लावून आत शिरता येतं, पण तो आत शिरण्यापुरता मार्ग आहे. लोक तो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमध्ये कायमचा लिहितात आणि मग महिनोन्महिने संथ ग्राफिक्स सोसतात. आत गेल्यावर ‘डीकेएमएस स्टेटस’ बघा. नवी आवृत्ती यादीत नसेल तर तिचे लिनक्स-हेडर्स बसवा, मॉड्यूल आपोआप बनेल.

मॉड्यूल बनलंय पण लोड होताना ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ येतंय, तर ते सिक्युअर बूट (फक्त सही असलेला कोड चालू देणारी सोय) आहे. ड्रायव्हर बसवताना पासवर्ड विचारला होता, आणि पुढच्या बूटला निळी मोक (मालकाच्या सहीची किल्ली) मॅनेजमेंट स्क्रीन आली होती. तिथे ‘एन्रोल मोक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. न वाचता ‘कंटिन्यू बूट’ दाबलं की ती विनंती रद्द होते. ‘सुडो मोकयूटिल --इम्पोर्ट’ पुढे /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोकमधली डीईआर फाइल देऊन ती स्क्रीन परत आणता येते. आणि एनव्हिडियाच्या साइटवरची ‘.रन’ फाइल बसवू नका. तिची पॅकेज मॅनेजरकडे नोंद नसते, त्यामुळे कर्नल बदलला की पुन्हा काळी स्क्रीन येण्याची पाळी. डिस्ट्रोचं, म्हणजे उबुंटू, मिंट वगैरेंचं स्वतःचं पॅकेजच वापरा.

बाकीच्या, थोडक्यात

इमर्जन्सी मोड आणि त्याआधी दीड मिनिट ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ : /ईटीसी/एफएसटॅबमध्ये (जोडायच्या डिस्कच्या यादीत) नसलेल्या डिस्कचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) आहे. ‘एलएसबीएलके -एफ’शी ताडून बघा, बाहेरच्या डिस्कला ‘नोफेल’ लावा.

इनिट्रॅमएफएसचा प्रॉम्प्ट आला तर ‘एक्झिट’ टाइप करा. ‘रन एफएससीके मॅन्युअली’ दिसलं तर तिथूनच, सांगितलेल्या पार्टिशनवर ‘एफएससीके -वाय’ (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड). माउंट असलेल्या (सिस्टिमला जोडलेल्या) पार्टिशनवर एफएससीके कधीही नाही.

पासवर्ड बरोबर, तरी लॉगिन स्क्रीन फिरून परत येते : ‘डीएफ -एच’ने रूट पार्टिशन भरलंय का बघा, नसेल तर होममधल्या ‘.एक्सऑथॉरिटी’ फाइलचा मालक रूट यूजर झालाय का ते.

आर्चवर ‘पॅकमॅन -एसवाय’ करून एखादंच पॅकेज बसवणं, म्हणजे अर्धवट अपग्रेड, हे संकटाला आमंत्रण आहे. पूर्ण ‘-एसवाययू’ करा आणि त्याआधी आर्चचं बातम्यांचं पान वाचा. ऑगस्ट 2022 मध्ये ग्रब अपडेटनंतर अनेक मशीन अडली होती, आणि ‘ग्रब-इन्स्टॉल’ पुन्हा चालवून कॉन्फिग नव्याने बनवा, अशी सूचना त्या पानावर आली होती.

विंडोजसोबत ड्युअल बूट आणि ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ : ऑगस्ट 2024 च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर हा संदेश अनेकांना दिसला. लिनक्सवर राग काढू नका. सिक्युअर बूट बंद करून आत जा, ‘सुडो मोकयूटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ द्या, लिनक्समध्येच एकदा रीस्टार्ट करा, शिमचं (सिक्युअर बूटमध्ये ग्रबच्या आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामचं) पॅकेज अपडेट करा आणि सिक्युअर बूट परत चालू करा.

लाइव्ह यूएसबीवरून सीएचरूट करताना नाव चुकवणं

एकही कर्नल चालत नसेल तेव्हाच लाइव्ह यूएसबी. रूट पार्टिशन /एमएनटीवर माउंट करा, वेगळं /बूट असेल तर ते आणि ईएफआयचं पार्टिशन आपापल्या जागी, मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ‘माउंट --बाइंड’ने जोडा आणि ‘सीएचरूट /एमएनटी’, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टिमच्या आत शिरा. आत गेल्यावर वरच्याच दुरुस्त्या करायच्या.

एन्क्रिप्टेड डिस्क उघडताना मात्र ‘क्रिप्टसेटअप ओपन’ला मनाला येईल ते नाव देऊ नका. आधी तात्पुरत्या नावाने उघडून /ईटीसी/क्रिप्टटॅबमधला (एन्क्रिप्टेड डिस्कच्या यादीतला) पहिला शब्द वाचा, मग सगळं अनमाउंट करून, एलव्हीएम (डिस्कची जागा विभागण्याची पद्धत) असेल तर ‘व्हीजीचेंज -एएन’ देऊन डिस्क बंद करा आणि त्याच नावाने पुन्हा उघडा. नाव जुळलं नाही तर ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस’ क्रिप्टटॅबची नोंद सोडून देऊ शकतो. कमांड इशारा देऊन संपते, आणि पुढच्या बूटला पासवर्डच विचारला जात नाही. एलव्हीएम असेल तर उघडल्यावर ‘व्हीजीचेंज -एवाय’ लागतं. काम झालं की ‘एक्झिट’, ‘यूमाउंट -आर /एमएनटी’ आणि रीबूट. त्या ‘-आर’मधला आर कॅपिटल आहे.